सळईच्या वाटणीचं पाणी

उसाचे शेवटचे ट्रॅक्टर ढोकीच्या रस्त्यानं गेले की आमच्या गावाचे कान थोडे दिवस मोकळे होतात. सगळा हिवाळा त्या ट्रॅक्टरांच्या टेपनं कान किटलेले असतात. मग कारखान्याचा भोंगा बंद होतो, ऊसतोड कामगारांच्या कोप्या उठतात, रानात पाचट जळाल्याचे काळे पट्टे तेवढे उरतात. आणि एखाद्या दुपारी, ऊन चांगलं तापलेलं असताना, लांबून कुठून तरी आवाज येतो, "हॅलो... हॅलो... माईक चेक..." वारा त्यातला अर्धा आवाज आपल्यापर्यंत आणतो आणि अर्धा येडशीच्या डोंगराकडं घेऊन जातो. लग्नसराई सुरू झाली.

हा आवाज आला की शेजारच्या घरांत बायका ठेवणीतल्या साड्या उन्हाला टाकतात. आमच्या घरात माझी धाकटी जाऊ मंगल कोपऱ्यातली लोखंडी सळई बाहेर काढते. पॉलिश पेपर घेऊन ओट्यावर बसते आणि सळईवरचा गंज घासत राहते. करकर, करकर. दर वर्षी हा आवाज सुरू झाला की मला ओट्याजवळ थांबवत नाही. आत जाऊन मिठाची पिशवी भरते, कोळशाची भरते, पाण्याचा निळा कॅन धुऊन पालथा घालते. हात कामात असले की तो आवाज कमी ऐकू येतो, एवढं मला कळलेलं आहे.

आमचा साउंड आहे. दोन मोठे बॉक्स, अ‍ॅम्प्लिफायर, छोटा मिक्सर, माईक, त्यांचे स्टँड, वायरींची वेटोळी आणि हे सगळं बसेल असा एक जुना टेम्पो. माझे धाकटे दीर गोविंद यांनी तो सुरू केला. माझे मालक साखर कारखान्यात नोकरीला, थोडी कोरडवाहू शेती दोघा भावांची, आणि गोविंद भाऊजींना औतापेक्षा वायरींत जास्त रस. लग्न, बारसं, सप्ताह, शाळेचं गॅदरिंग, जिथं चार माणसांना ऐकू जायला पाहिजे तिथं आमचा टेम्पो. आता भाऊजी नाहीत. साउंड मंगल चालवते.

मला सगळं जागच्या जागी लागतं. डबे, चाव्या, माणसं. टेम्पो निघायच्या आधी मी अंगणात उभी राहून एकेक वस्तू मोठ्यानं म्हणायची आणि भाऊजी टेम्पोतून ओ द्यायचे. बोर्ड? हाय. टेस्टर? हाय. चिकटपट्टी? हाय. सळई, घण, मीठ, कोळसा? हाय, हाय, हाय, हाय. एकदा वैतागून म्हणाले, "वैनी, तुमी स्वर्गात गेलाव तरी दारात उभ्या ऱ्हाऊन मोजणार. कोण आलं, कोण ऱ्हायलं."

"मोजायला कुणी तरी पाहिजेच," मी म्हटलं. "तुमच्यावर सोडलं तर नवरीसुद्धा मांडवात विसरून याल."

"नवरी आपली नसती वैनी. वायरी आपल्या असत्यात."

मंगल स्वयंपाकघरातून हसली होती. ते हसू मला अजून ऐकू येतं, कारण तसं ती पुन्हा हसली नाही.

भाऊजींना साउंड लावताना बघणं मला आवडायचं. भावकीतलं लग्न असलं की मी मुद्दाम लवकर जायची. ते मांडवात शिरले की आधी वर बघत, मग खाली, आणि माणसांकडं सगळ्यात शेवटी. वरून विजेची तार कुठून गेली आहे, खाली भट्टी कुठं पेटणार, लेकरं कुठं खेळतात. बॉक्स माईकच्या समोर ठेवायचा नाही, नाहीतर शिट्टी मारतो. म्हाताऱ्या माणसांच्या रांगेशेजारी ठेवायचा नाही, त्यांच्या छातीत धडधडतं. वायर मांडवाच्या कडेकडेनं न्यायची आणि वाट आडवी आली की चिकटपट्टीनं जमिनीला बसवायची, कारण लग्नातला माणूस खाली बघून चालत नाही. अ‍ॅम्प्लिफायर चालू करायचा सगळ्यात शेवटी आणि बंद करायचा सगळ्यात आधी. आवाजाचं बटन शून्यावर. "आवाज जनावरावानी असतोय वैनी," ते म्हणायचे. "दावं हळूहळू सैल करावं लागतंय."

आणि माईक दुसऱ्या कुणाच्या हातात जाण्याआधी त्यांच्या हातात. आधी टेस्टर लावायचा. मग हाताची मागची बाजू टेकवायची, कारण करंट असला तर मूठ आवळली जाते आणि सुटत नाही. मागच्या बाजूनं हात झटकला तरी जातो. मगच मूठ. मंगलाष्टका म्हणायला येतात त्या बायका आणि पोरी. हात ओले, बांगड्या मनगटभर. त्यांच्या हातात तपासल्याशिवाय काही द्यायचं नाही. "पहिला हात माझा," असं म्हणून ते माईक पुढं करायचे.

अर्थिंग म्हणजे काय हे मला त्यांनीच समजावलं. आतली एखादी वायर उघडी पडली तर करंट पेटीच्या लोखंडात उतरतो, तिथून माईकच्या धातूत येतो. अशा वाट चुकलेल्या करंटला जमिनीत जायला एक वाट करून ठेवायची. म्हणून सळई ठोकायची आणि पेटीपासून तिच्यापर्यंत वायर न्यायची. पण कोरडी जमीन करंट घेत नाही. सळईच्या बुडाशी खड्डा करून मीठ-कोळसा टाकायचा आणि वरून पाणी ओतायचं. जमीन चांगली भिजली पाहिजे. यादीत म्हणून पाणी शेवटी असायचं. कॅन भरलेला दिसला की टेम्पो निघायचा.

आमच्याकडं उन्हाळ्यात पाणी कमी असतंच. ते काही सांगण्यासारखं नाही. पण भाऊजी गेले त्या वर्षीचा उन्हाळा वेगळा होता. दोन पावसाळे कोरडे गेलेले. रामलिंगाच्या डोंगरातली माकडं रस्त्यावर येऊन बसायची, येणाऱ्याजाणाऱ्याच्या हातातली बाटली बघायची. बोअरमधून नुसता वारा यायचा, फस्स करून, आणि मोटर बंद. आम्ही भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसायला शिकलो. आंघोळीचं पाणी परातीत धरून त्यातच फरशी पुसायची, मग तेच कडुलिंबाला. टँकरचा हॉर्न ऐकला की हातातली भाकरी तव्यावर सोडून बायका पळायच्या. त्या दिवसांत गावात करपलेल्या भाकरीचा वास कायम असायचा. एका लग्नात नवरीच्या मामानं आहेरात पाण्याचा टँकर दिला. कुणी हसलं नाही. त्या मामाला लोकांनी वाकून नमस्कार केला.

लग्नं मात्र थांबली नाहीत. लग्नं थांबत नाहीत. उलट मला वाटतं त्या वर्षी साउंड जरा जास्तच मोठा लावायला सांगत होते सगळे. घसा कोरडा पडलेल्या माणसांना मोठा आवाज लागत असेल.

त्या दिवशीचं लग्न आमच्या भावकीतलंच, ढोकीच्या अलीकडं एका वस्तीवर. मी गेले होते, मंगल घरी होती. लग्नघरी पाण्याचा टँकर सांगितला होता, तो आलाच नव्हता. वऱ्हाड आलं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून, भर उन्हात. ड्रमचा तळ लागलेला. भाऊजींची सळई ठोकून झाली होती. खड्डा केला, मीठ टाकलं, कोळसा टाकला, आणि कॅनचं झाकण उघडलं. तेवढ्यात ट्रॉलीतून उतरलेली एक गरोदर बाई त्यांच्या समोरच खाली बसली. बसली म्हणजे गळालीच. तिची सासू इकडं तिकडं बघायला लागली, तिला तो कॅन दिसला.

"दादा, तेवढं पाणी..."

त्यांनी कॅन तिच्या हातात दिला. त्या बाईनं ओंजळीनं पाणी पिऊन तोंडावर हात फिरवला. मग तिच्या मागची बाई आली. तिच्या कडेवर लेकरू. मग बाटल्या आल्या, पेले आले. कॅन हातोहात गेला आणि रिकामा परत आला. मी शेजारीच उभी होते. मी सळईकडं बघितलं. त्यांनी ते ओळखलं.

"वैनी, माणसाला पाणी दिलं तर जमीन काय मरती व्हय?" हसत म्हणाले. "टँकर यायलाय. आला की पाजतो तिला."

टँकर आला नाही, मुहूर्त आला. अंतरपाट धरला गेला. गुरुजींनी घड्याळ बघितलं. नवरीचा मामा ओरडला, "आरं गोविंदा, चालू कर की! काय बघायलास?" भाऊजींनी एकदा रस्त्याकडं बघितलं आणि बटन दाबलं.

बोहल्याची जागा मांडवाच्या मधोमध. मुलीच्या आत्यानं कुठून तरी उरलंसुरलं पाणी गोळा करून मुहूर्ताच्या तोंडावर तिथं शेणानं हात फिरवला होता. सारवणाचा ओला वास येत होता. इतक्या दिवसांनी ओल्या मातीचा वास, माणसं मान वळवून बघत होती. भाऊजी माईक घेऊन तिथं आले आणि कडेला थांबून त्यांनी पायातल्या रबरी चपला काढल्या. कुणी सांगितलं नाही. सांगावं लागत नाही. बोहल्यापाशी चपला घालून कुणी जात नाही. समोर करवली उभी होती, दहावी झालेली पोर, मंगलाष्टकांचा कागद डाव्या हातात आणि उजवा हात माईकसाठी पुढं केलेला.

"थांब बाई," ते म्हणाले. "पहिला हात माझा."

टेस्टर तिकडं बोर्डापाशीच राहिला. मुहूर्ताची घाई होती. त्यांनी सरळ मूठच आवळली.

बॉक्समधून एक घुमणारा आवाज आला. मागं कुणी तरी म्हणालं, माईक बिघडला. कुणी तरी हसलंसुद्धा. वायर ओढून काढेपर्यंत फार वेळ गेला नसेल, पण तेवढा वेळ पुरतो. उन्हात तापून अ‍ॅम्प्लिफायरच्या आतल्या वायरीचं वेष्टन वितळलं होतं, असं नंतर वायरमननं सांगितलं. जमिनीत ओल असती तर करंट सळईतून निघून गेला असता आणि फ्यूज उडाला असता. साऱ्या शिवारात त्या दिवशी ओली जमीन तेवढी एकच होती, आणि भाऊजी तिच्यावर अनवाणी उभे होते.

दवाखान्याच्या वाटेवरच सगळं संपलं. संध्याकाळी कुणी तरी सामान टेम्पोत भरून आमच्या दारात आणून लावलं. अंगणात माणसं बसली होती, आतून मंगलचा आवाज येत होता, आणि मी टेम्पोजवळ उभी राहून मोजलं. बोर्ड. टेस्टर. चिकटपट्टी. सळई. घण. रिकामा कॅन. चपला. सगळं होतं.

लोक मला नंतर म्हणाले, तुम्ही घट्ट आहात. घट्टपणा कसला. मला दुसरं काही करता येत नव्हतं.

त्यानंतरचे महिने मी डोक्यात एकच गोष्ट मांडत आणि मोडत राहिले. पाणी दिलं, ते चांगलंच केलं. चपला काढल्या, ती रीतच आहे. पहिला हात स्वतःचा पुढं केला, म्हणून ती करवली आज जिवंत आहे, तिला दोन लेकरं आहेत. सारवणाऱ्या आत्यानं मनापासून सारवलं होतं. मामाला मुहूर्ताची काळजी होती. एकेक गोष्ट वेगळी काढून बघितली तर तिच्यात वाईट काही सापडत नाही. सगळ्या एका जागी आल्या आणि आमच्या घरातलं एक माणूस गेलं. मला हिशेब लागत नाही असं सहसा होत नाही. हा लागला नाही.

मंगलला मात्र तो पहिल्या दिवसापासून लागलेला होता. ती रडायची त्याहून जास्त रागवायची, आणि राग त्या पाण्यावर. भेटायला आलेल्या बायका म्हणायच्या, किती दयाळू होता बघ, शेवटचं पाणीसुद्धा दुसऱ्याला पाजून गेला. त्या बाहेर गेल्या की मंगल मला म्हणायची, "दयाळू! माझं कुंकू लोकांच्या ओंजळीत ओतून गेला माणूस. ती कोण, कुठली, नाव तरी म्हायती हाय का? तिला पाजलं आन् मला कोरडं ठिवलं." मी तिच्यापुढं चहाचा कप सरकवायची. ती गरोदर बाई मी बघितली होती. तिचे पांढरे पडलेले ओठ बघितले होते. मंगलनं बघितले नव्हते.

वर्षभर साउंड पत्र्याच्या खोलीत धूळ खात पडला. विकायचा ठरला, गिऱ्हाईकही आलं. त्या माणसानं बॉक्सवर थाप मारून बघितली, अ‍ॅम्प्लिफायर उघडून बघितला आणि म्हणाला, "सळई-बिळई नको आपल्याला. बोर्डाला अर्थिंग असतीच की." मंगल उंबऱ्यात उभी होती. म्हणाली, "दादा, इकायचं न्हाय मला." तो गेल्यावर मी तिच्याकडं बघितलं. ती म्हणाली, "ह्याच्या हातात दिला तर अजून एक घर बसंल, बाई." मी थोरली जाऊ, म्हणून ती मला बाई म्हणते.

असा तो धंदा तिच्याकडं आला. माझ्या मालकांनी तिला टेम्पो शिकवला, तालुक्याच्या एका जाणत्या कारागिरानं जोडणी शिकवली. करंट उतरला की आपोआप बंद होणारा ट्रिपर तिनं बोर्डात बसवून घेतला. आणि स्वतःचे नियम घालून घेतले. ट्रिपर तपासलेला पाहिजे. सळईची जमीन भिजलेली पाहिजे. माईक धरणाऱ्याच्या पायाखाली लाकडी पाट पाहिजे. तिन्हींतलं एक जरी नसलं तरी बटन दाबायचं नाही. मी एकदा म्हटलं, ट्रिपर आहे तर पाण्याचं एवढं कशाला? "ट्रिपर मशीन हाय बाई," ती म्हणाली. "मशीनचा काय भरवसा. माणसाचा न्हाय तर मशीनचा."

सुरुवातीला तिला बोलवायला लोक कचरायचे. विधवा बाई, लग्नाच्या मांडवात कशी येणार. एका घरच्या बाईनं तोंडावर सांगितलं, "तू म्होरं येऊ नको बरं का, मागंच बस."

"मागंच बसणार की," मंगल म्हणाली. "वायरी मागंच असत्यात."

हळूहळू बोलावणी यायला लागली. पडद्याच्या मागं, मिक्सरच्या पुढं, पायात रबरी चपला घालून बसलेली मंगल आता चार गावांच्या सवयीची झाली आहे. बोहल्याच्या कडेपलीकडं ती जात नाही. माईक बाहेरूनच देते, आणि देण्याआधी टेस्टर, मग हाताची मागची बाजू. दर मोसमातल्या पहिल्या लग्नाला मी तिच्यासोबत जाते. निमित्त मदतीचं. खरं म्हणजे ती हात लावते तेव्हा तिथं कुणीतरी आपलं असावं म्हणून. तो हात माईकला लागून सुखरूप मागं येईपर्यंत मी बोर्डाच्या पिनेजवळ हात धरून उभी असते. तिला हे माहीत आहे. ती माझ्याकडं बघून एकदा मान हलवते, मग मी खुर्चीवर बसते.

यंदा पुन्हा पाणी नाही. मागचा पाऊस आला तो नको तेव्हा आला, सोयाबीन कुजवून गेला, आणि विहिरीत काही राहिलं नाही. फाल्गुनातच टँकरचे हॉर्न ऐकू यायला लागले. पहिलं लग्न येडशीच्या पलीकडच्या एका गावात होतं. आम्ही कॅन भरून नेला. मंगलनं सळई ठोकली, खड्डा केला, मीठ टाकलं, कोळसा टाकला. तोपर्यंत मांडवात कुरकुर सुरू झालेली. विकतच्या पाण्याचे जार संपले होते, दुसरी गाडी फोन उचलत नव्हती. रेल्वे स्टेशनवरून चालत आलेलं वऱ्हाड घामानं थबथबलेलं. तेरखेड्याच्या फटाक्यांच्या माळा उन्हात पडल्या होत्या आणि त्यांच्यावर कुणी विडी टाकू नये म्हणून एक माणूस बसवलेला होता. तोही ओठ चाटत होता.

मंगलनं कॅनचं झाकण उघडलं. बॉक्सच्या सावलीला एक म्हातारे आजोबा येऊन टेकले होते. धोतर, पांढरा पटका, तोंडाला फेसासारखं काही सुकलेलं.

"पोरी," ते म्हणाले, "प्यायचं हाय का ते?"

मंगल तशीच उभी राहिली, एक हात कॅनच्या कानावर, एक हात बुडाशी. समोर सळईचा खड्डा, काळापांढरा, कोरडा. शेजारी आजोबा. तिचा चेहरा मी एवढ्या जवळून कधी बघितला नव्हता. मला वाटलं, ही आता ओरडेल. कुणावर ते माहीत नाही.

"हाय की आजोबा," ती म्हणाली. "ओंजळ धरा."

ते प्याले. त्यांच्या कोपरावरून ओघळलेलं पाणी त्यांनी पटक्याला पुसलं आणि पटका तोंडाला लावला. मग एक बाई आली, पेला घेऊन. मग दुसरी. मग बाटल्या. मंगल ओतत राहिली. कॅन रिकामा झाला तेव्हा तिनं तो सळईवर उलटा करून झटकला. दोन थेंब पडले, मीठ तिथं जरा काळं झालं आणि लगेच पुन्हा पांढरं.

मग ती वळली, बोर्डातली पिन ओढून काढली आणि वायर गुंडाळायला लागली.

मुलीचे चुलते धावत आले. "ओ बाई, काय करायलाव? मुहूर्त लागलाय!"

"आज साउंड न्हाय लागणार, काका. पाणी संपलं."

"पाण्याचा आन् साउंडचा काय संबंध?"

"हाय संबंध."

"आवो धा मिंटाचा खेळ! नुसत्या मंगलाष्टका म्हणायच्यात. तेवढ्यात काय व्हतंय?"

"तेवढ्यातच झालं होतं," मंगल म्हणाली.

चुलत्यांना गोष्ट माहीत होती. या भागात सगळ्यांना माहीत आहे. पण माहीत आहे म्हणजे ऐकलं असं नाही. शिव्या सोडून सगळं बोलून झालं त्यांचं. सुपारी घेऊन फसवलं म्हणाले, बाईमाणसाला काम दिलं हीच चूक झाली म्हणाले, यापुढं या गावात पाय ठेवायचा नाही म्हणाले. मुलीचे वडील हात जोडून उभे राहिले, "ताई, पोरीचं लग्न हाय, इज्जत जाईल." ते ऐकणं सगळ्यात अवघड होतं. मंगलनंही हात जोडले आणि म्हणाली, "पोरीचं लग्न हाय म्हणूनच, दादा. माईक तिच्याच बहिणीच्या हातात जाणार ना?"

लग्न साउंडशिवाय लागलं. मंगलाष्टका बहिणीनंच म्हटल्या, नुसत्या गळ्यानं. पुढच्या तीन-चार रांगांना ऐकू आलं असेल. मागच्यांना काही कळेना. त्यांनी भलत्याच कडव्याला अक्षता टाकल्या, आणि बाहेरच्या माणसानं तेवढ्या गलक्यावर फटाक्यांची माळ लावून दिली. गुरुजी हातानं थांबा थांबा करत होते. पोरीचा आवाज दुसऱ्या कडव्याला फाटला, तिनं आवंढा गिळला आणि पुन्हा धरला. मग मागची माणसं खुर्च्या सोडून पुढं आली, एकमेकांना गप्प करत, आणि शेवटचं कडवं सगळ्या मांडवानं ऐकलं. मी आयुष्यात इतकी लग्नं बघितली, एवढा शांत मांडव बघितला नाही. ते आजोबा बॉक्सला टेकून झोपले होते. सामान उचलायला आम्हाला त्यांना उठवावं लागलं.

परतताना येडशीचं फाटक लागलेलं होतं. मालगाडी जात होती, संपता संपत नव्हती. मंगलनं इंजिन बंद केलं. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून ती समोर बघत होती.

"बाई," ती म्हणाली, "त्यांनी पाणी दिलं ते बरोबरच हाय."

मी तिच्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर ती थांबली असती.

"मला आज कळलं. समोर माणूस बसलेलं असताना जमिनीत ओतताच येत न्हाय. हातच वळत न्हाय तिकडं." मालगाडीचा शेवटचा डबा गेला. "बटन दाबायचं नव्हतं. तेवढंच चुकलं त्यांचं. तेवढंच."

फाटक उघडलं. मागून कुणी तरी हॉर्न द्यायला लागलं. ती इंजिन चालू करत नव्हती. इतक्या वर्षांचा राग एका माणसावरून उचलून बाजूला ठेवायला जागा लागते. ती शोधत असावी. मग चावी फिरवली.

त्या गावातलं पुढचं बोलावणं गेलं, त्याच्या शेजारच्या गावातलंही. मोसम यंदा थोडका होणार. दोन दिवसांनी आमच्या गल्लीत टँकर आला. मी घागरी घेऊन गेले तर मंगल माझ्या आधी रांगेत उभी होती, हातात निळा कॅन, आणि काखेत दुसरा एक, पांढरा, तेलाचा, घासून घासून स्वच्छ केलेला. घरी येऊन तिनं दोन्ही भरलेले कॅन सळईशेजारी ठेवले.

दुसऱ्या लग्नाला टेम्पो निघाला तेव्हा मी नेहमीप्रमाणे अंगणात उभी राहिले. बोर्ड? हाय. टेस्टर? हाय. पाट? हाय. सळई, घण, मीठ, कोळसा? हाय.

"पाणी?" मी विचारलं.

"सळईचं हाय," मंगल टेम्पोतून म्हणाली. "आन् माणसांचं हाय."